तिसरी वाइन लिस्ट

करपल्याचा वास शुभाला वरच्या मजल्यावर आला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली चादर तशीच टाकून ती जिन्यावरून धावत खाली आली, तेव्हा नेत्रा शेगडीपासून दोन हातांवर, ओट्याला टेकून वर्तमानपत्र वाचत उभी होती. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि धुराने स्वयंपाकघर भरत आलं होतं.

"अगं, दूध!"

नेत्राने दचकून पातेल्याकडे पाहिलं. शुभाने शेगडी बंद केली, पातेलं सिंकमध्ये ढकललं, खिडकी उघडली. बाहेर मार्चमधला बर्फ होता. गार हवा भसकन आत आली.

"एवढी जवळ उभी आहेस आणि तुला वास नाही आला?"

खरं तर तो प्रश्न नव्हता, नुसती चिडचिड होती. पण नेत्राचं तोंड उतरलं. एकतीस वर्षांची ती मुलगी जमिनीवर बसली आणि लहानपणीही कधी रडली नव्हती तशी रडायला लागली.

"मला वासच येत नाही, आई. कशाचाच. नोव्हेंबरपासून."

नोव्हेंबरमध्ये नेत्रा तिच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बर्फावरून घसरून पडली होती. डोक्याचा मागचा भाग आपटला. दोन दिवस हॉस्पिटल, मग चक्कर थांबली, स्कॅन चांगला आला, आणि ईडन प्रेरी या त्यांच्या अमेरिकी उपनगरातल्या सगळ्या मराठी घरांतून 'थोडक्यात निभावलं' असे फोन आले. थोडक्यात निभावलेलं नव्हतं. त्या हिसक्याने नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक मज्जातंतू तुटले होते. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात वास परत आला तर आला.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू हॉस्पिटलमध्ये मला जवळ घेतलंस ना, तेव्हाच काहीतरी विचित्र वाटलं होतं. तुझा वास नव्हता. कुणीतरी दुसरीच बाई वाटली. तेव्हा कळलं नाही काय ते."

शुभा तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली. नेत्रा महिनाभर तिच्याकडे राहायला आली होती, कारण अरुण, शुभाचा नवरा, धाकट्या भावाच्या बायपाससाठी पुण्याला गेला होता. 'तुला सोबत होईल' असं नेत्रा म्हणाली होती. सोबत कुणाला हवी होती ते शुभाला आता समजलं. महिनाभर मुलगी पोळीचे चार तुकडे चिवडून उठत होती, आणि शुभा समजत होती, बारीक व्हायचंय म्हणून.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर हळहळून गप्प बसता आलं असतं. पण नेत्राचं पोटच त्या नाकावर होतं. फार्मसीचं शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडून ती वाइनच्या दुकानात कामाला लागली, परीक्षा दिल्या, आणि गेली पाच वर्षं नैऋत्य उपनगरांच्या साप्ताहिकात तिचं सदर येत होतं. दर गुरुवारी एका रेस्टॉरंटची वाइन लिस्ट ती तपासायची आणि पाचपैकी किती ग्लास ते ठरवायची. अरुणने ते सदर कधी उघडून पाहिलं नाही. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर शुभा सांगायची, "नेत्रा ना? पेपरात लिहिते." कशावर, असं कुणी खोदून विचारलंच तर "खाण्यापिण्यावर," असं म्हणताना 'पिण्या' ती जवळजवळ गिळून टाकायची.

"मग इतके दिवस लिहिलंस कसं?"

"जुन्या वह्या आहेत माझ्याकडे. पूर्वी चाखलेल्या वाइन्सच्या नोट्स. पण आता संपलं, आई. कॉम्पिटिशन आहे."

दर मार्चमध्ये ते साप्ताहिक उपनगरातली सर्वांत चांगली वाइन लिस्ट निवडायचं, आणि निवडणारी एकटी नेत्राच असायची. शेवटच्या फेरीत तीन रेस्टॉरंट्स होती. त्यांतल्या दोन ठिकाणी ती पडण्याआधी, उन्हाळ्यात जाऊन आली होती. तिसरं ऑक्टोबरमध्ये उघडलेलं, नवं कोरं. तिथे तिने पाऊल ठेवलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी तीनची वेळ ठरली होती आणि सोमवारी निकाल द्यायचा होता.

"संपादकाला सांगून टाक ना."

"सांगितलं की खेळ खलास. नाक नसलेल्या वाइन रायटरला कोण ठेवेल? मला दुसरं काहीच येत नाही. आणि बाबा काय म्हणतील, ते मला आत्ता ऐकू येतंय."

शुभाने तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला बरगड्या लागल्या. पुढे जे घडलं त्याची सुरुवात आपण केली, हे शुभा नंतर कधीच विसरली नाही. ती म्हणाली, "मग मी येते. मला येतो ना वास."

नेत्रा रडता रडता हसली. मग हसायची थांबली आणि आईकडे बघत राहिली.

दोन दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर शिकवणी केली. शुभाने आधी देवघराचं कपाट लावून घेतलं. नेत्राने सहा बाटल्या आणल्या होत्या. ग्लास कसा फिरवायचा, नाक किती आत घालायचं, घोट तोंडात घोळवून कसा थुंकायचा, हे सगळं तिने दाखवलं. थुंकणं शुभाला जमेना. टेबलाशी बसून भांड्यात थुंकायचं म्हणजे काय! नाक मात्र तिचं तयार होतं. नागपूरला इतवारीत तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं, आणि पोतं न उघडता गव्हाला कीड लागली की नाही ते ती परकर-पोलक्यात असताना सांगायची.

"काय येतंय?"

"आमसूल. भिजवलेलं."

"आंबट फळ," असं पुटपुटत नेत्रा वहीत लिहायची. "अजून?"

"पेन्सिलला टोक काढल्यावर येतो तसा."

"सीडरचं लाकूड! आई, यू आर अमेझिंग."

चार महिन्यांत पहिल्यांदा मुलीच्या डोळ्यांत जीव आलेला शुभाने पाहिला, आणि हे बरोबर आहे का, हा विचार तिने बाजूला सारला.

शुक्रवारी तीनला त्या पोचल्या. रेस्टॉरंट दुकानांच्या एका लांबलचक बैठ्या रांगेच्या टोकाला होतं. मागच्या काचेतून गोठलेलं तळं दिसत होतं. दुपारची गिऱ्हाइकं गेलेली, रात्रीची यायची होती. मालक गॅरी हॅल्व्हर्सन साठीकडे झुकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस होता. सव्वीस वर्षं शाळेत बँड शिकवून त्याने हे रेस्टॉरंट काढलं होतं. नेत्राशी हात मिळवताना त्याच्या तळव्याला घाम होता.

"ही माझी आई," नेत्रा म्हणाली. "तिला बघायचं होतं मी काय काम करते ते. ती पण चाखेल, चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय!" गॅरी म्हणाला आणि शुभासाठी खुर्ची मागे ओढली.

त्याने वाइन लिस्ट पुढे ठेवली. बेचाळीस वाइन्स, आणि प्रत्येकीखाली त्याने स्वतः लिहिलेल्या दोन ओळी. कुठल्या गावची, कशाबरोबर घ्यावी, आपल्याला ती का आवडली. नेत्रा बराच वेळ वाचत राहिली. हे काम तिला नाकाशिवायही येत होतं.

"सुरेख आहे गं," ती मराठीत हळूच म्हणाली. "कुणी इतकं मन लावून करत नाही."

पहिली बाटली पांढऱ्या वाइनची आली. नेत्राने ग्लास फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. ते सोंग इतकं हुबेहूब होतं की शुभाने नजर तळ्याकडे वळवली. मग शुभाने आपला ग्लास उचलला आणि झटक्याने खाली ठेवला.

"अगं, रॉकेल!" तोंडावर हसू ठेवून ती मराठीत म्हणाली. "स्टोव्हमध्ये भरायचो ते. खराब झालीय ही."

नेत्राचा चेहरा उजळला. ती गॅरीकडे वळली. "जुनी रीझलिंग आहे. या द्राक्षाला मुरल्यावर येतो तो पेट्रोलचा वास अगदी हवा तसा उतरलाय."

गॅरीने टेबलावर हलकेच मूठ आपटली. "लोक परत पाठवतात ही! बिघडली म्हणतात. तूच पहिली, जिला कळलं."

शुभाला अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली.

दुसरी लाल होती. तिचा वास नाकात शिरताच शुभा इतवारीत जाऊन पोचली. गोदामात पाणी शिरलं होतं, त्या वर्षी आठ दिवस दुकानात हाच वास होता.

"ओलं गोणपाट," ती म्हणाली. "कुजलेलं."

नेत्रा क्षणभर थांबली. "गॅरी, बुचाने घात केलाय, वाइनला त्याची बुरशी लागलीय. दुसरी उघडाल?"

गॅरीने स्वतः वास घेतला, मान डोलावली, माफी मागत दुसरी बाटली आणली. ती चांगली निघाली. तिसरी, चौथी, पाचवी. शुभा बोलत गेली, जांभूळ, ओलं गवत, कपाटात ठेवलेली लोकर, आणि नेत्रा तिचं बोलणं आपल्या भाषेत फिरवून गॅरीला सांगत गेली. गॅरी लहान मुलासारखा ऐकत होता. पण गॅरीसमोर थुंकायची लाज वाटून शुभाने प्रत्येक घोट गिळला होता. जन्मात कधी न प्यायलेली बाई. पाचव्या ग्लासाला समोरचं तळं तिरकं झालं.

"मी जरा तोंडावर पाणी मारून येते," ती म्हणाली. "थांब मी येईपर्यंत."

बाथरूममध्ये ती बेसिनला धरून दोन मिनिटं उभी राहिली. गार पाणी मारलं, पदर सारखा केला आणि बाहेर आली. गॅरी बारवरून एक अर्धी बाटली घेऊन टेबलाशी आला होता.

"हीच खरी माझी परीक्षा," तो म्हणत होता. "बाकीच्या हौसेच्या. सुट्या ग्लासाने विकतो ती ही. दहातली आठ माणसं हीच पितात." त्याने नेत्रासाठी ओतली आणि मग स्वतःसाठी.

शुभा अजून चार पावलं लांब होती. तिला तिथूनच कळलं. आंबलेलं. सरळ शिर्का. ती बाटली नक्कीच चार-पाच दिवस उघडी, भट्टीजवळ राहिली होती.

नेत्राने एकदा मागे वळून पाहिलं असतं तर! पण गॅरी तिच्या तोंडाकडे आशेने बघत होता. तिने ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला. जिभेला आंबट लागलं असणार, पण आंबट तर सगळ्याच वाइन्स लागतात.

"चेरी," नेत्रा म्हणाली. "ताजी, रसरशीत. आणि मागे थोडी लवंग."

"नेत्रा, नको! आंबलंय ते!" शुभा ओरडली.

गॅरीला शब्द कळले नाहीत. पण त्याचा स्वतःचा ग्लास तोवर नाकाशी पोचला होता. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास अगदी सावकाश खाली ठेवला आणि नेत्राकडे पाहिलं.

"तुला सर्दी झालीय का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. तो तिला वाट काढून देत होता.

"येस, येस," शुभा टेबलाशी येत घाईघाईने इंग्रजीत म्हणाली. "कोल्ड. व्हेरी बॅड कोल्ड."

"नाही," नेत्रा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सर्दी नाहीये." आणि तिने सांगितलं. पडली तेव्हापासूनचं सगळं. आई कशाला आली तेही.

गॅरी ऐकत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "नोव्हेंबरपासून?"

"हो."

"ड्वेनबद्दल तू डिसेंबरमध्ये लिहिलंस."

शुभाने विचारलं, "हू इज ड्वेन?"

गॅरीने शुभाला सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, सोप्या इंग्रजीत. शेजारच्या गावातल्या एका स्टेकहाउसमध्ये ड्वेन अकरा वर्षं वाइन्स सांभाळायचा. गॅरीला जे येत होतं ते त्यानेच शिकवलं होतं. डिसेंबरमध्ये नेत्राने लिहिलं की त्याच्या पांढऱ्या वाइन्स थकलेल्या आहेत, मेलेल्या आहेत, कुणी लक्ष देत नाही. पाचपैकी एकच ग्लास दिला. मालकाने ते कात्रण ड्वेनसमोर टाकलं आणि नाताळच्या आधी त्याला काढून टाकलं.

"मी त्याच आठवड्यात त्या वाइन्स चाखल्या होत्या," गॅरी म्हणाला. "मला चांगल्या लागल्या. मी समजलो, माझंच नाक कच्चं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं," नेत्रा म्हणाली. "खरंच. मला वाटलं वाइनच मेल्यात. सगळंच मेल्यासारखं लागत होतं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं."

"मग दोन आठवड्यांनी का नाही लिहिलंस?"

शुभाला उत्तर माहीत होतं, नोकरी जाण्याची आणि अरुणच्या बोलण्याची भीती, पण ते कुठल्याच भाषेत सांगण्यासारखं नव्हतं.

गॅरी ग्लास गोळा करायला लागला. एकेक, काळजीपूर्वक, देठाला धरून. "तुम्ही निघा आता. पाचला लोक येतील माझ्याकडे."

"इट वॉज माय आयडिया," शुभा म्हणाली. "शी डिडंट वाँट. आय सेड."

"तुम्ही आई आहात," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ते मला कळतं." आणि ग्लास घेऊन आत गेला.

गाडीत बसल्यावर नेत्राने किल्लीही लावली नाही. शुभाचं डोकं गरगरत होतं, आणि त्या गरगरण्यातूनही तिची आईची जात काम करत होती. ती म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. तो कुणाला सांगणार नाही बघ."

"आई!"

नेत्रा इतक्या जोरात ओरडली की शुभा दाराला चिकटली. मग नेत्राने फोन काढला आणि तिथेच, पार्किंगमध्ये, संपादकाला लावला. शुभाला एकच बाजू ऐकू येत होती. नाही, आजारी नाही. नाही, परत येईल असं नाही. हो, डिसेंबरचा लेख पण. जानेवारीपासूनचे सगळे. हो. मला माहीत आहे. हो. फोन ठेवल्यावर ती समोरच्या काचेकडे बघत बसली आणि म्हणाली, "झालं."

पुढच्या गुरुवारी सदराच्या जागी सहा ओळींचा खुलासा आला. त्या वर्षी स्पर्धाच रद्द झाली. गॅरीची लिस्ट चांगली होती की नाही हे कुणी कधीच छापलं नाही. एप्रिलमध्ये अरुण पुण्याहून परतला. शुभाने त्याला सगळं सांगितलं. तो काय बोलेल याची दोघींनाही धास्ती होती. पण तो नुसता नेत्राच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, तिथे थोडा उभा राहिला आणि परत आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं शुभाला वाटलं.

नेत्राने अपार्टमेंट सोडलं. शाळकरी वयातल्या पलंगावर ती दिवसदिवस पडून राहायची. जेवण म्हणजे गरम आणि गार, मऊ आणि कडक, खारट आणि आंबट, एवढंच उरलं होतं. ती म्हणायची, ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. शुभा ताट घेऊन दाराबाहेर बसायची. मे महिन्यात मिनिअ‍ॅपोलिसच्या एका तज्ज्ञाने तिची परीक्षा घेतली. चाळीस पट्ट्या, खरवडून वास घ्यायचा आणि चारांपैकी एका उत्तरावर खूण करायची. नेत्राची नऊ बरोबर आली. शुभाने आशेने विचारलं, म्हणजे थोडा तरी येतोय ना? डॉक्टर म्हणाला, पट्ट्यांकडे न बघता नुसत्या खुणा केल्या तरी दहा बरोबर येतात.

त्या रात्री नेत्रा जेवली नाही. शुभाही जेवली नाही.

जूनमध्ये एका सकाळी नेत्रा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खाली आली आणि म्हणाली, "ड्वेन कुठे आहे ते कळलं. तू येतेस?"

वीस मैलांवरच्या एका उपनगरात दारूचं मोठं दुकान होतं. ड्वेन तिथे काम करत होता. शुभा गाडीतच थांबली. काचेतून तिला तो दिसला. जाडजूड, पन्नाशीचा, कमरेला दुकानाचा हिरवा एप्रन, बिअरची खोकी रचत होता. नेत्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने हात पुढे केला नाही. ती बोलत होती, तो खोकं पोटाशी धरून ऐकत होता. मग त्याने खोकं खाली ठेवलं आणि तो बोलायला लागला. बराच वेळ. बोलताना त्याचे हात हलत होते. एकदा त्याने डोळे मिटले. नेत्रा मान खाली घालून उभी होती. मग त्याने खोकं उचललं आणि पाठ फिरवली.

नेत्रा येऊन गाडीत बसली.

"रागावला का?"

"नाही."

"मग एवढं काय सांगत होता?"

"त्या वाइन्स." नेत्राचा आवाज फुटत होता. "मी ज्यांना मेलेल्या म्हटलं ना, त्या सात. एकेक करून सांगितल्या त्याने. कुठलीला कसा वास होता, कुठली उघडल्यावर दहा मिनिटांनी कशी बदलायची. सगळं पाठ आहे त्याला. म्हणाला, तुला कुणीतरी सांगायला हवं होतं तू काय प्यायलीस ते."

मागे एक गाडी जागेसाठी येऊन थांबली होती. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा. नेत्रा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून दुकानाकडेच बघत होती.

शुभा दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे आली आणि तिने काचेवर टकटक केलं.

"सरक तिकडे," ती म्हणाली. "मी चालवते."